समक्ष हजर राहून

माझी सही फार देखणी होती. स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण सांगणारं दुसरं कोणी नाही. पहिलं अक्षर मोठं, त्याला डावीकडून वळसा, मधली अक्षरं एकमेकांना बिलगलेली, आणि शेवटी खाली उतरणारी लांब शेपटी, तिच्याखाली दोन टिंबं. डी.एड. करताना तासाला लक्ष न देता मी वहीच्या मागच्या पानांवर ती घोटून घोटून बसवली होती. आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत नोकरी लागली ती भामरागडच्याही पलीकडे, नदीपारच्या एका माडिया आदिवासींच्या गावात. मोजकी घरं, शाळेची एक खोली, खोलीला पडवी आणि चारही वर्गांना मिळून मास्तर एकच, मी. एवढ्या मेहनतीची सही, आणि ती बघणार कोण, तर हजेरीपत्रक.

म्हणून नाकेदार पहिल्यांदा सही मागायला आला तेव्हा मला बरं वाटलं. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा वनरक्षक, पण आमच्याकडे वनरक्षक कोणी म्हणत नाही. कोणाची कुऱ्हाड जप्त केली, लाकडाची बंडी, म्हणजे बैलगाडी, अडवली, की त्याला पंचनामा करावा लागे. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणजे जे घडलं ते डोळ्यांनी पाहिलेली दोन माणसं. आता भर जंगलात दोन माणसं आणायची कुठून? म्हणून रीत अशी पडली होती की नाकेदार कागद लिहूनच आणायचा आणि सवडीनं सह्या घ्यायचा. एक माझी, दुसरा कोतवालाचा अंगठा. वर एक ठरलेलं वाक्य असे, ‘आम्ही पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की’. ‘की’च्या पुढचं मी कधी वाचलं नाही. चहा व्हायचा, तंबाखू मळली जायची, नाकेदार म्हणायचा, “मास्तर, तुमची सही म्हणजे नोटेवरच्या सहीसारखी दिसते,” आणि मी फुगून जायचो. वर्षा-दोन वर्षांत असे किती कागद झाले, देव जाणे. मी काही लबाड माणूस नव्हतो. नाकेदारही नव्हता. वरून कागद मागत, तो कागद देई.

खरं म्हणजे हजर नसताना हजर असण्याची मला लहानपणापासून सवय होती. मी चिमूरकडचा. बेचाळीस साली चिमूरला इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. माझे वडील म्हणत, त्या दिवशी चौकात हजर असलेली माणसं दर वर्षी वाढतच चालली आहेत, असंच चाललं तर चौक पुरणार नाही. वडील स्वतः त्या दिवशी मामाच्या गावी होते आणि तसं ते सांगत. त्यामुळे पंधरा ऑगस्टला त्यांना भाषणाला कोणी बोलवत नसे.

पुस्तक मला मिळालं ब्रह्मपुरीला. कॉलेजात असल्यापासून मी तिथल्या एका चाचांच्या दुकानात पडलेला असायचो. चाचा जिल्दसाज, म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारे. शाळांची, वाचनालयांची, कचेऱ्यांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची. खळीचा डबा, दाभण, दोरा आणि चष्म्याची एक दांडी दोऱ्यानंच बांधलेली. त्यांची खोड अशी की पुस्तक आधी वाचायचं आणि मग शिवायचं. गिऱ्हाईक बोंबलत राही. चाचा म्हणायचे, “अंदर काय हाय ते मालूम नाई त् शिवू कसा?” आता शिवण्याचा आणि आतल्या मजकुराचा काय संबंध, पण चाचांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. जमीन महसुलाची रजिस्टरंसुद्धा त्यांनी वाचून काढली होती.

त्या उन्हाळ्यात सुट्टी संपवून परत निघालो तेव्हा त्यांनी उशीएवढं जाड पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं. एका बंद पडलेल्या वाचनालयाचं होतं, न्यायला कोणी आलंच नव्हतं. वरचं पान गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे भाषांतर कोणी केलं ते मला आजतागायत माहीत नाही. जर्मनीतल्या हुकूमशाहीचा इतिहास. लिहिणारा परदेशातला एक बातमीदार, लढाईच्या आधीची काही वर्षं आणि लढाई सुरू झाल्यावरही काही दिवस तो तिथंच राहत होता. “मास्तर,” चाचा म्हणाले, “हिस्टरीची किताबं मी लय शिवली. पन हा मानूस खुद तिथी होता. फरक पडते.”

पावसाळा लागला की नद्या आमचा रस्ता कापतात. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की भामरागड तुटतं, आणि भामरागड तुटलं की त्याच्या पलीकडचे आम्ही कुठलेच राहत नाही. त्या वर्षीही तसंच झालं. टपाल बंद, पेपर बंद, ट्रान्झिस्टरचे सेल मान टाकून बसलेले. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस जवळ आले म्हणून पोरं बांधीत, भाताच्या खाचरांत, शाळेत बोटावर मोजण्याइतकी. दुपारी ती गेली की मी, पडवी आणि पुस्तक.

पडवीत आणखी एक जण असायचे. गाव त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही. साठीच्या पुढचे असतील. तरुणपणी लाकडाच्या डेपोवर कामाला होते म्हणून मराठी चांगली यायची. बाकी गावाला माडिया बोली, मराठी जेमतेम चार शब्द. दादा बांबूच्या कामट्या घेऊन येत आणि मासे धरायचे पिंजरे विणत बसत, कारण शाळेची पडवी गळत नव्हती. मला मोठ्यानं वाचायची सवय. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी विचारलं.

“मास्तर, काय वाचून राह्यले?”

“एका राज्यकर्त्याचं आहे. त्यानं सगळ्या मुलखाला वेठीला धरलं होतं.”

“जिता हाय का तो?”

“छे, मेला. पन्नासेक वर्षं झाली.”

“मंग आता काऊन वाचता?”

मी पुढचं पान वाचून दाखवलं. असं आमचं सुरू झालं. मी एक परिच्छेद वाचायचो, मग त्याचं सोपं करून सांगायचो, आणि दादा प्रश्न विचारायचे. मोठ्या मैदानात लाखो माणसं जमली आणि सगळ्यांनी एकदम हात वर केला, असं वाचलं की विचारत, “हात कायले वर केला? पटलं म्हनून का बाजूवाल्यानं केला म्हनून?” हुकूमशहाकडे ढोरं किती होती, तो जेवायचा काय, त्याच्या गावचे लोक त्याला लहानपणी काय म्हणत, हे सगळं त्यांना हवं असे. एकदा म्हणाले, “त्या मुलखात जंगल हाय का?”

“आहे. चांगलं दाट आहे.”

“म्हंजे नाकेदार असन.”

“असेल की.”

“मंग वर तो आनखी कायले पाह्यजे होता?”

मी हसून हसून बेजार झालो. दादा हसले नाहीत, त्यांना खरंच कळत नव्हतं.

पण त्यांचा नेहमीचा प्रश्न वेगळाच होता. काही मोठं वाचलं की ते हातातली कामटी थांबवायचे आणि विचारायचे, “हे त्यानं पाह्यलं का आयकलं?” त्या गावची एक रीत होती. भांडण-तंट्याची बैठक बसली की ज्यांनी पाहिलं ते पुढे बसायचे आणि ज्यांनी ऐकलं ते मागे. मागच्यानं बोलायचं नाही असं नाही, पण त्यानं मागूनच बोलायचं. ऐकीव माणूस पुढे येऊन बसला तर बायका त्याची अशी टर उडवायच्या की पुन्हा महिनाभर तो बैठकीला यायचा नाही. दादांनी तीच रीत पुस्तकाला लावली. आणि नवल असं की पुस्तक त्या रीतीला पुरून उरलं. बातमीदार जिथे स्वतः उभा होता तिथे तसं लिहायचा, कुठल्या खिडकीतून पाहिलं तेही सांगायचा. जिथे नव्हता तिथे हे मला अमक्यानं सांगितलं, हे मी नंतर सरकारी कागदांत वाचलं, असं साफ लिहायचा. दादांच्या सांगण्यावरून मी पाहिलेल्या मजकुराला समासात पेन्सिलीनं रेघ मारायला लागलो. रेघ असली की दादा बसत. रेघ नसली की “तुमी वाचा, मी आलोच” म्हणून बैलांना चारा टाकायला जात.

मला मात्र त्या बातमीदाराचा राग यायचा. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, मला सगळ्यांचाच राग यायचा. एवढं सगळं डोळ्यांदेखत चाललंय आणि हा गडी त्यांच्याच सभांना बसतो, त्यांचेच अधिकारी याच्या बातम्यांवर काट मारतात आणि उरलेलं हा पाठवतो. मी पुस्तक आपटून म्हणायचो, “उठून ओरडला का नाही हा?” दादा म्हणायचे, “ओरडला असता त् हाकलला असता. मंग पाह्यलं कोनं असतं?” त्याहून राग यायचा कारकुनांचा. माणसांना घरांतून काढायच्या याद्या, दुकानं ताब्यात घ्यायचे हुकूम, आणि त्यांवर सह्या करणारी साधी माणसं. डबा खाऊन, हात पुसून सही. यांना काही वाटत कसं नाही, असं मी दादांना तावातावानं विचारायचो. आमच्या भागात कोणी काय पाहिलं हे एरवी फार विचारायची पद्धत नाही, एकीकडे जंगलातल्या बंदुका, दुसरीकडे पोलिसांच्या, त्यामुळे कारणं इकडच्या सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पुस्तकातल्या लोकांना विचारायला काय हरकत होती?

मध्ये पावसानं चार दिवस उघडीप दिली. दादा बंडी जुंपून खालच्या गावी मुलीकडे गेले. तिचं घर पावसात बसलं होतं. नवरा मागच्या वर्षीच वारलेला, म्हणून ती आता बापाच्या अंगणात झोपडी बांधून राहणार होती. मी एकटाच वाचत होतो, नेमकं कारकुनांचंच प्रकरण, आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या हासडत होतो. तेवढ्यात नाकेदार आला, गुडघ्यापर्यंत चिखलात.

“मास्तर, छोटं काम होतं.”

मी वाक्य सोडलं नाही. डावा हात पानावर तसाच ठेवला आणि उजव्या हातानं सही केली. वळसा, शेपटी, दोन टिंबं.

“काय वाचता एवढं?” त्यानं विचारलं.

“कारकुनांचं. एकापेक्षा एक नग आहेत.”

“आमच्याही हापिसात हायत,” तो म्हणाला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दादा परतल्याचं कळलं, पण पडवीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेलो. दादा ओसरीत बसले होते, हातात कामटी नाही, काही नाही. अंगणात बंडी नव्हती. बैलांच्या खुंट्यांना दावी नुसती पडलेली.

झालं होतं ते असं. मुलीच्या पडलेल्या घराच्या मयाली आणि फाटे, म्हणजे छपराची लाकडं, बंडीत घालून ते येत होते. सागाचे, पण जुने, चुलीच्या धुरानं काळे झालेले, खाचा पाडलेले. नाल्याच्या उतारावर नाकेदारानं बंडी अडवली. दादांनी सांगितलं, मुलीनं सांगितलं. नाकेदारानं सागवान एवढंच पाहिलं आणि बैलांसकट बंडी कचेरीत नेली. कागदात लिहिलं होतं, ताजं तोडलेलं सागवान. तो कागद टिकला तर बंडी आणि बैल सरकारजमा होणार होते. बांधीत पाणी उभं होतं, रोपांचे पऱ्हे हातभर झाले होते. बैलांशिवाय चिखल कोण करणार? रोवणा चुकला तर वर्षभर दादांच्या घरात भात नाही, आणि आता खाणारी तोंडं वाढलेली.

दादांनी मला बसायला पाट दिला. आवाजात राग अजिबात नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही.

“मास्तर, एक इचारू का? नाकेदार म्हने, मास्तरनं सोताच्या डोयानं पाह्यलं, कागदावर मास्तरची सही हाय. मी चार दिसांपासून आठवून राह्यलो. नाल्यावर मी होतो, पोरगी होती, नाकेदार होता, दोन बैल होते. तुमी कुठी उभे होते? मोहाच्या झाडामागं होते का?”

माझे कान तापले. हा माणूस चार दिवस त्या नाल्यावर मला शोधत होता. मास्तरनं लिहिलंय म्हणजे मास्तर असणारच, आपल्यालाच दिसले नाहीत, असं त्यानं धरून चाललं होतं.

“मी नव्हतो, दादा.”

“नव्हते?”

“नव्हतो. मी शाळेत होतो. वाचत होतो.”

“मंग सही?”

मग मी त्यांना ती रीत सांगायला लागलो. पंच कसे मिळत नाहीत, कागद आधीच कसा लिहिलेला असतो, सगळीकडे असंच कसं चालतं. जसजसं सांगत गेलो तसतशी माझी मराठी अडखळायला लागली. दादा प्रत्येक वाक्य मुलीला माडियात सांगत होते. ती चुलीपुढे बसलेली होती. शेवटचं वाक्य ऐकून तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मला त्या पाटावरून उठून पळून जावंसं वाटलं.

“चला मंग,” दादा म्हणाले. “सायबाले सांगू, मास्तर नव्हते.”

त्यांच्या लेखी काम एवढंच होतं. मी दोन दिवस टाळलं. आधी पाऊस आडवा आणला, मग शाळा. बदलीची भीती नव्हती, भामरागडच्या पुढे बदली करायला महाराष्ट्र उरत नाही. पण खोटा पंचनामा दिला असं स्वतःच लिहून द्यायचं म्हणजे नोकरीवर गदा, आणि मी नुकताच कायम झालेलो. त्या दोन दिवसांत पुस्तक उघडून पाहिलं. माझीच पेन्सिलीची रेघ दिसली की मिटून ठेवावंसं वाटे. कारकुनांच्या प्रकरणाकडे तर मी फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेला कुलूप लावलं आणि दादांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते आधीच धुतलेलं धोतर नेसून बसले होते.

दोन नाले चालत, एक डोंग्यानं, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीनं, आणि पुढे एस.टी.नं कचेरीच्या गावाला. बसमध्ये दादांनी माझ्या पिशवीवर बोट ठेवलं. पुस्तक मी का घेतलं होतं मला ठाऊक नाही, घेतलं होतं खरं. “तो मेला कसा ते वाचा,” म्हणाले. मी शेवटाकडची पानं काढली आणि धक्के खात खात वाचायला लागलो. चार ओळी झाल्या असतील.

“तवा हा तिथी होता का?”

“नाही. तोवर तो देश सोडून गेला होता. हे त्यानं नंतर लोकांना विचारून लिहिलंय.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” दादा म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. समोरच्या बाकावरचा माणूस कान देऊन ऐकत होता, त्याचा हिरमोड झाला. त्याला मी उरलेलं वाचून दाखवलं.

साहेब, म्हणजे नाकेदाराच्या वरचा रेंजर, भला माणूस निघाला. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर काच, काचेखाली देवांच्या तसबिरी. खिडकीतून मागचं आवार दिसत होतं आणि तिथे झाडाखाली दादांचे दोन्ही बैल बांधलेले होते. बरगड्या वर आलेल्या. नाकेदार दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यानंही पाहिलं नाही.

“सही तुमचीच?” साहेबांनी कागद पुढे सरकवला.

“माझीच.”

“सुंदर आहे.”

“मी तिथे नव्हतो, साहेब. मी न बघता सही केली.”

साहेबांनी चष्मा काढला आणि शिपायाला कपाटातून एक फाइल आणायला सांगितली. लाल फीत सोडून त्यांनी एकेक कागद उलटायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या खाली वळसा, शेपटी, दोन टिंबं. “इथे होता?” नाही. “इथे?” नाही. “इथे?” मी सह्यांच्या वर पहिल्यांदाच पाहत होतो. तिथे नावं होती. कोणाची कुऱ्हाड, कोणाची बंडी, कोणाच्या हातून मोहफुलं वेचताना लागलेला वणवा. सगळी माझ्या हजेरीपत्रकातल्या पोरांच्या बापांची नावं. फाइलच्या निम्म्यात मी “नाही” म्हणायचं सोडून नुसती मान हलवायला लागलो.

“आता ऐका, मास्तर,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “या एका कागदाचं लिहून द्याल तर मी आज इथल्या इथे निकाल लावतो. लाकूड जुनं आहे हे मलाही दिसतं. म्हातारा बैल घेऊन जाईल. सगळ्यांचं लिहिलं तर मला वर पाठवावं लागेल. चौकशी होईल, तुमचीही होईल, आणि ती होईपर्यंत बैल इथेच राहतील. रोवणा थांबायचा नाही.”

मी दादांकडे पाहिलं. ते खिडकीतून बैलांकडे पाहत होते. मी एकाच कागदाचं लिहिलं. बैलांसाठी लिहिलं असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो, आणि ते खोटं नाही. पण सगळ्यांचं लिहावं लागलं नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं, तेही खोटं नाही. त्याची लाज वाटते.

लिहून झालं तर या जबाबालाही दोन पंच हवेत. साहेबांनी घंटी मारली. शिपाई आणि बाहेरचा चहावाला आत आले आणि पेन मागायला लागले. तेवढ्यात दादा उभे राहिले.

“सायेब, हे दोघं आता आले. मास्तर बोलले तवा हे नव्हते.”

बैल खिडकीबाहेर, सुटायला दोन सह्या बाकी, आणि हा माणूस पंच नाकारतोय. मी दादांचा सदरा ओढला. ते बसले नाहीत. साहेबांनी आधी दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ते हसले. “बरोबर आहे. मास्तर, यांच्यासमोर पुन्हा वाचा. मोठ्यानं.”

मग मी वाचलं. मी अमुक गावचा शिक्षक, सदर ठिकाणी हजर नव्हतो, सदर लाकूड, बंडी किंवा इसम मी पाहिला नाही, तरी पाहिल्याची सही केली. वर्गात वाचतो तसं खणखणीत वाचायला गेलो, पण जमलं नाही. चहावाल्यानं नीट ऐकून घेतलं आणि सही करता करता अगदी सहज विचारलं, “मंग केली काऊन, भाऊ?” ते जबाबात नव्हतं.

लाकूड साहेबांनी तपासणीसाठी ठेवून घेतलं, बंडी आणि बैल दिले. पाणी उतरायची वाट पाहत, वाटेतल्या गावांत मुक्काम करत आम्हाला घरी पोचायला तीन दिवस लागले. दादा खुशीत होते, बैलांशी बोलत होते. दुसऱ्या दिवशी एका नाल्याशी बैल पाण्यावर असताना त्यांनी विचारलं, “त्या बाकीच्या कागदायवर कोन कोन हाय?”

मला सगळी नावं पाठ झाली होती. मी सांगितली. दादा प्रत्येक नावाला मान हलवत गेले.

“त्यायले सांगा,” म्हणाले.

“काय सांगू? बैल तर येणार नाहीत त्यांचे.”

“तुमी नव्हते, ते सांगा.”

रोवणा वेळेवर झाला. पुस्तक आम्ही दिवाळीपर्यंत पुरवलं, तो भाग वेगळा. पण गावात पोचलो त्याच संध्याकाळी, हातपाय धुवायच्या आधी, मी यादीतल्या पहिल्या घरी गेलो. चौथीतल्या एका मुलीचं घर. दोन वर्षांपूर्वी तिच्या बापाची बंडी गेली होती ती परत आली नाही. तेव्हापासून तो धान कावडीनं वाहायचा. मी शाळेच्या दारातून रोज पाहायचो आणि मनात म्हणायचो, या लोकांना कावडच आवडते. दर उन्हाळ्यात हाच माणूस मला पानाच्या द्रोणात मध आणून द्यायचा.

तो अंगणात कावडीची दोरी वळत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तुझ्या बंडीच्या कागदावर माझी सही आहे. पाहिलं असं लिहिलंय. मी तिथे नव्हतो.

त्यानं दोरी खाली ठेवली. मराठी त्याला थोडीच यायची, शब्द शोधायला वेळ लागला.

“मालूम हाय, मास्तर,” तो म्हणाला. “मी होतो तिथी.”